चेहरा हवा आहे

कळवळ्याच्या हनुवटीला स्पंज लावला आणि मेकअपकाकांचा हात थांबला. किळस आली. काकांना स्वतःचंच नवल वाटलं. उभा जन्म लोकांच्या तोंडाला हात लावण्यात गेला, पण असं कधी झालं नव्हतं. नाटक कंपनीत असताना पुवाने भरलेल्या मुरमांवरून त्यांनी राजाचं तेज चढवलं होतं, दारूचा भपकारा सोडणाऱ्या नायकाच्या तोंडाशी तोंड नेऊन त्याच्या मिशा चिकटवल्या होत्या. एकदा तर तापाने फणफणलेली नटी त्यांच्या मनगटावरच ओकली होती, तेव्हासुद्धा त्यांनी हात धुतला आणि तिच्या राहिलेल्या भुवया पूर्ण केल्या. चेहरा म्हणजे काम. सुताराला कधी लाकडाची किळस येते का? आणि आज ह्या गुळगुळीत, भारी साबणाचा वास येणाऱ्या, रोज संध्याकाळी हाताखालून जाणाऱ्या हनुवटीची त्यांना किळस आली. कारण काय, तर एक वाक्य. कळवळ्याने बिस्किट चघळत चघळत आरशातून विचारलं होतं, "काका, तुमचा मुलगा अजून बसूनच आहे ना हो?"

विचारलं त्याचं काही नाही. विचारणारे ढीगभर आहेत. जिन्यात भेटणारे विचारतात, लग्नाकार्यात भेटणारे विचारतात, दात काढताना डॉक्टरनेही विचारलं होतं, आणि तेव्हा उत्तर देता येत नव्हतं म्हणून काकांना बरंच वाटलं होतं. पण ते सगळे विचारताना निदान आवाज खाली आणतात. ह्याने विचारलं ते हरवलेला चष्मा सापडल्यासारखं. आहे ना? अजून आहे ना? म्हणजे एवढ्यात कुठे चिकटला तर नाही ना मेला! बिस्किटाचा ओला चुरा त्याच्या खालच्या ओठावर होता. काकांनी तो टिपून घेतला, कारण ते त्यांचं कामच होतं, आणि म्हणाले, "आहे. बसूनच आहे."

कळवळा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. मेकअपच्या खोलीत काकांनी मनातल्या मनात ठेवलेलं नाव, पुढे घरी मुलापाशी एकदा तोंडातून गेलं आणि तेच रूढ झालं. हा विरोधी पक्षाचा. रोज संध्याकाळी चर्चेच्या कार्यक्रमात येतो आणि छातीवर हात ठेवून तरुणांविषयी बोलतो. 'हाताला काम द्या, कर्जाचं मागाहून बघू.' शेजारच्या खुर्चीत गळ्याभोवती कागदी रुमाल खोचून डोळे मिटून बसलेला तो कात्री. सरकार पक्षाचा. त्याचं रोजचं पालुपद, 'आधी देशावरचं कर्ज उतरवा, खर्चाला कात्री लावा, आज उधारीवर नोकऱ्या वाटल्या तर उद्या आपल्या नातवंडांच्या मानेवर फास बसेल.' दोघांच्याही कातडीचा रंग एकच. एकाच डबीतला. त्यामुळे घाई असली की काका एकच स्पंज दोघांना फिरवत, आणि दोघांपैकी कुणाला कधी त्याचा पत्ता लागला नव्हता.

तर आजची अडचण अशी होती की कार्यक्रमात एक बेकार तरुण बसवायचा होता. निर्मातीबाई, म्हणजे सगळ्यांच्या मॅडम, वयाने काकांच्या पोरीसारख्या पण आवाज हवालदाराचा, त्यांनी आठवडाभर आधी एक मुलगा ठरवूनही ठेवला होता. पण ऐनवेळी त्याने फोन केला की मला कुठल्याशा गोदामात पहारेकऱ्याची नोकरी लागली, मी येत नाही. "आजच लागायची होती का ह्याला!" असं म्हणून मॅडम दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "मला एक चेहरा हवाय. तासाभरात. कुठून आणू?" आणि त्यावर कळवळ्याला काकांचा मुलगा आठवला होता.

"अरे वा!" मॅडम म्हणाल्या. "काका, बोललात नाही कधी! शिकलेला आहे?"

"शिकलेला काय विचारता," कळवळा म्हणाला. "निवड झालेला आहे. सरकारी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. आणि ह्यांनी भरती गोठवली!" त्याने कोपराने शेजारच्या खुर्चीला ढोसलं.

कात्रीने एक डोळा उघडला. "आणा की मग," तो म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला. "काका, तुम्ही तर घरचे. मुलाला बसू दे आज, चार शब्द नीट बोलू दे. भरती थांबलीय हे खरं, पण थांबलेल्यातलंही एखादं सुटतं हो. मी बोलतो खात्यात. उद्याच बोलतो." आणि डोळा मिटून घेतला. काकांनी डबीचं झाकण घट्ट लावलं. म्हणजे सुटतं! म्हणजे गेली तीन वर्षं सुटत होतं, आणि हा माणूस रोज ह्या खुर्चीत बसून डोळे मिटून घेत होता. पण काका म्हणाले ते एवढंच, "विचारतो घरी."

फोन करायला ते बाहेर बोळात आले. बोळात जुन्या सेटच्या फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, त्यांवर निम्मी खिडकी, निम्मा डोंगर असं काहीबाही रंगवलेलं. फोन वाजत राहिला तसा काकांना तो निवडीचा दिवस आठवला. मुलाचं नाव यादीत लागलं तेव्हा तो धावत आला नव्हता. हळूच स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला उजेडासमोर धरून उभा राहिला होता आणि आईला म्हणाला होता, "आता हे पाणी मी चांगलं म्हटलं तरच चांगलं." केवढी हसली होती ती! शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर दोन दिवस त्याला 'साहेब' म्हणत होते. तिसऱ्या दिवशी जाहीर झालं की तिजोरीवर बोजा आहे, सबब नवी पदं गोठवली आहेत. गोठवली! काय शब्द काढतात. पद गोठतं म्हणजे ते बर्फात ठेवल्यासारखं तसंच्या तसं राहतं, आणि माणूस मात्र बाहेर उन्हात. मुलगा आधी सकाळी लवकर उठायचा. मग उशिरा उठायला लागला, मग दुपारी झोपायला लागला. भिंतीकडे तोंड करून झोपतो. जेवायला बोलावलं तर 'नंतर' म्हणतो. त्याची आई काही बोलत नाही, ताट वाढून झाकून ठेवते. त्यावरची ताटली उचलण्याचा आवाज घरात सगळे झोपले की येतो, आणि अंथरुणात काका नि त्यांची बायको दोघंही जागी असतात, पण दोघंही हलत नाहीत.

"अहो, झालं काय? ह्या वेळेला फोन?" बायको म्हणाली. काकांनी सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हणजे त्याला तिथे नेऊन दाखवायचं? बेकार म्हणून?"

"कात्री बोलतो म्हणालाय खात्यात."

"तो! त्याच्या जिभेला हाड आहे का?"

"मग नाही सांगू?"

"मला काय विचारता? ज्याचं त्याला विचारा." आणि मुलगा फोनवर आला. काकांनी मनात वाक्यं जुळवली होती, की तुला नको असेल तर नको, लाज वाटण्यासारखं काही नाही पण सक्तीही नाही. त्यातलं एकही लागलं नाही. मुलगा ऐकून घेऊन लगेच म्हणाला, "येतो." इतक्या चटकन तो गेल्या कित्येक महिन्यांत काही बोलला नव्हता. काका फोन हातात धरून त्या निम्म्या डोंगराकडे बघत राहिले. त्यांना वाटलं होतं तो नाही म्हणेल. नाही म्हणावं म्हणून तर आपण फोन केला, हे त्यांना तेव्हा कळलं.

बापलेकांत तसं बोलणं उरलंच नव्हतं. जे काही होतं ते ह्याच कार्यक्रमावरून. मुलगा रोज तो बघायचा, पण आवाज बंद करून. काका घरी आले की चपला काढता काढता विचारायचे, "बघितलंस?" आणि तो सांगायचा, "आज कात्रीचं कपाळ चमकत होतं, बाबा. पावडर कमी पडली." किंवा, "कळवळ्याच्या डाव्या भुवईचा रंग वेगळा वाटला." बहुतेक वेळा त्याचं बरोबर असायचं. काका म्हणायचे, "दिवा बदललाय तिथला." एवढंच. पण एवढ्यावर संध्याकाळ निभायची. चर्चा काय झाली हे त्याने कधी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंच काय! पूर्वी काका ऐकायचे मन लावून. एकजण कर्जाचं बोलला की पटायचं, बरोबर आहे, अंथरूण पाहून पाय पसरावेत, आपण नाही का घरात तसंच करत. दुसरा नोकऱ्यांचं बोलला की तेही पटायचं, घरातला तरणाताठा माणूस कामाला लागला नाही तर उधारी फिटणार कशी? कोण खरं हे काकांना आजही सांगता आलं नसतं. ते आपलं काम नव्हे, पण कुणाचं तरी असेलच, कुणीतरी शहाणा माणूस कुठल्यातरी खोलीत बसून ह्याचा खराखुरा विचार करत असेल, आणि हे दोघं त्याचं आपल्यापर्यंत आणून पोचवतात, असं त्यांना कितीतरी दिवस वाटायचं.

मग निवडणूक झाली आणि सरकार बदललं. कात्री तेव्हा विरोधात होता आणि नोकऱ्यांचं बोलायचा, तो आता सत्तेत आला. कळवळा सत्तेत होता आणि कर्जाचं बोलायचा, तो विरोधात गेला. पहिल्या संध्याकाळी दोघंही सवयीने आपापल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसले. इथवर ठीक. पण कार्यक्रम सुरू झाला, निवेदकाने पहिला प्रश्न कात्रीला टाकला, आणि कात्रीने जुनंच सुरू केलं. 'तरुणांच्या हाताला काम नाही आणि ह्या सरकारला हिशेबाची पडलीय!' चांगला तावातावाने दोनतीन वाक्यं बोलला. ह्या सरकारला म्हणजे स्वतःच्याच सरकारला! निवेदकाचं तोंड उघडं राहिलं. आणि कळवळा, सवयीनेच, त्याला उत्तर द्यायला लागला की नातवंडांच्या मानेवर फास बसेल. बायकोची शपथ, असं झालं. मध्यंतर घेतलं. काका टचअपला आत गेले तर दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते, असे हसत होते की डोळ्यांतून पाणी येऊन दोघांच्या गालांवरचा रंग फाटला. "अहो काका, बघा हो काय झालं आमचं!" कात्री म्हणाला. मध्यंतरानंतर त्यांनी वाक्यांची अदलाबदल केली. नातवंडं ह्याच्याकडून त्याच्याकडे गेली, छातीवरचा हात त्याच्याकडून ह्याच्याकडे आला. त्या दिवशी काकाही हसले होते. घरी येऊन मुलालाही सांगितलं होतं. मुलगा हसला नव्हता. तेव्हा त्याची पदं नुकतीच गोठली होती, आणि गोठवली होती कळवळ्याच्या सरकारने, जाता जाता. कात्रीच्या सरकारने ती तशीच गोठलेली ठेवली. आज कळवळा 'ह्यांनी भरती गोठवली' म्हणून कोपराने ढोसतो, आणि कात्रीही ते ऐकून घेतो, कारण त्यालाही आठवत नसावं.

मुलगा आला. काकांनी दारात त्याला बघितलं. दाढी केलेली, केस ओले करून बसवलेले, निळा शर्ट कडक इस्त्रीचा, पायात ते बूट. मुलाखतीला घेतलेले. हा मुलाखतीला आलाय, काकांच्या मनात आलं, अरे देवा, हा मुलाखतीला आल्यासारखा आलाय. मॅडमनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा?" त्या म्हणाल्या. "हा कसला बेकार? हा बँकेत मॅनेजर वाटतोय. दाढी कशाला केलीस रे?"

"मला वाटलं..." मुलगा म्हणाला.

"बरं असू दे. शर्ट बदल. काका, ह्याला जरा उतरवा. डोळ्यांखाली काळं करा, गाल आत घ्या. लोकांना बघताक्षणी कळलं पाहिजे." प्रकाशयोजनेवाल्याचा घामट शर्ट मागवला गेला. मुलगा तो घालून, जणू दुसऱ्या कुणाच्या घरात चुकून शिरल्यासारखा, खुर्चीत बसला. त्याचा निळा शर्ट काकांनी घडी घालून बाजूला ठेवला. बायकोने मघाशीच त्यावर इस्त्री फिरवली असणार, हे त्यांना कॉलरवरून कळत होतं, ती कॉलर नेहमी आतून आधी करते.

आणि मग त्यांनी मुलाच्या तोंडाला हात लावला. रोज दहा परक्यांच्या गालांवर फिरणारा हात. पण ह्या गालाला तो शेवटचा कधी लागला होता? नाटक कंपनीच्या दिवसांत, चारपाच वर्षांचं पोर मांडीवर घेऊन काका त्याला वाघ करायचे. पिवळे पट्टे, काळं नाक. तो आरसा बघून स्वतःलाच घाबरायचा आणि मग खिदळायचा, आणि पुसू द्यायचा नाही, तसाच रंगासकट झोपायचा. मग शाळा, मग मिसरूड, मग एक दिवस मुलगा मोठा झाला आणि बापाने मुलाच्या तोंडाला हात लावायचं काही कारणच उरलं नाही. आता हनुवटी रुंद झाली होती. कानाच्या पाळीखाली वस्ताऱ्याचा बारीक काप होता, नुकताच. काकांनी त्याचं तोंड दिव्याकडे वळवलं, आणि त्यांना दिसलं की डोळ्यांखाली काळं करायची काही गरज नाही. काळं होतंच. चांगलं खोल होतं. डाव्या डोळ्याखाली जास्त, उजव्याखाली कमी, कारण तो डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपतो. एका घरात राहून, एका ताटाच्या आवाजाला रोज जागं राहून, हे आपल्याला दिसलं नाही. कात्रीच्या कपाळावरचा थेंब दिसतो, आणि हे नाही. धंद्याच्या दिव्याखाली आणावं लागलं पोराला.

"मॅडम," काका म्हणाले, "ह्याचं आहे मुळातच. करायला नको काही."

मॅडमनी वाकून बघितलं. "हे नाही चालणार हो काका. तुम्हाला माहितीय की. खरं कॅमेऱ्यावर नीट उठत नाही. एका बाजूला कमी आहे, तोंड मळल्यासारखं दिसेल. आधी हे झाका, मग वरून दोन्हीकडे सारखं काढा." आणि त्या गेल्या. वाईट ह्याचं वाटलं की त्यांचं बरोबर होतं. काकांनीच नव्या पोरांना हे शंभरदा शिकवलं होतं. खरा घाम दिव्याखाली तेलासारखा दिसतो, घाम दाखवायचा तर खोटा घाम लावावा लागतो. खरी जखमही तशीच, चिखल वाटते. कुणी खरंच रडून आलं असलं तरी डोळे बरे करून पुन्हा लाल करावे लागतात. धंदा आहे. त्यांनी डबी उघडली, बोटावर रंग घेतला, आणि पोराच्या डोळ्यांखालची ती तीन वर्षं थापून थापून बुजवली. क्षणभर, रंग बसल्यावर, तो किती चांगला दिसला! झोपून उठलेला, जेवलेला, कामावर निघालेला एक माणूस. काकांचं बोट तिथेच थांबलं. मग त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि त्यावर नवीन काळं काढायला लागले.

"बाबा, गुदगुल्या होतायत," मुलगा डोळे मिटून म्हणाला.

"होऊ दे."

"ते दोघं भेटले बाहेर. कात्री म्हणाला, विचारलं की सांग, देशासाठी थांबायला तयार आहे. मग त्याला वर बोलायला सोपं जाईल. आणि कळवळा म्हणाला, रडू आलं तर आवरू नकोस." तो किंचित हसला. हसताना पापणी हलली आणि ब्रश सरकला. "दोघांचंही सांभाळतो."

"हलू नकोस."

"खरंच बोलेल का हो तो, बाबा?"

काकांच्या तोंडावर आलं होतं, की अरे, तो कुणाशी काय बोलेल? त्याला स्वतःचं कालचं आठवत नाही. ऊठ, जाऊ आपण. पण मुलाने विचारलं ते डोळे उघडून, आणि त्या डोळ्यांत असं काही होतं, जे त्या पेल्यातलं पाणी उजेडाला धरताना होतं. इतक्या दिवसांनी ते आज आलं होतं, आणि आणलं होतं कुणी, तर कात्रीने! काकांना संताप आला, इतका की ब्रशची दांडी त्यांनी बोटात आवळून धरली. "बोलेल," ते म्हणाले. "का नाही बोलणार?"

कार्यक्रम सुरू झाला. काका कॅमेऱ्यांच्या मागे अंधारात, हातात टचअपची पेटी घेऊन उभे राहिले. मुलाला दोघांच्या मध्ये, जरा खालच्या खुर्चीत बसवलं होतं. 'नोकऱ्या की कर्जमुक्ती?' निवेदक ओरडला. मग नेहमीचं. कात्रीची नातवंडं आली, त्यांच्या मानेवरचा फास आला. कळवळ्याचा हात छातीवर गेला. आज फक्त फरक एवढाच की दोघांनाही बोट दाखवायला काहीतरी मिळालं होतं. "ह्या मुलाकडे बघा!" कळवळा म्हणाला, आणि त्याने हात लांब करून मुलाची हनुवटी धरली आणि तोंड कॅमेऱ्याकडे उचललं. बाजारात भोपळा वळवून बघतात तसं. "हे डोळे बघा! ह्या डोळ्यांखालचा काळोख बघा! हा कुणी दिला?" कात्री म्हणाला, "ह्याच मुलाच्या डोक्यावर जन्मताच आलेलं कर्ज आहे, ते कुणी दिलं?" त्यानेही मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. एकाचा हात हनुवटीला, दुसऱ्याचा खांद्याला. त्यांनी काढलेलं काळं होतं ते. त्यांच्या ब्रशचं. आणि त्याच्या नावाने हा माणूस गळा काढत होता.

"तुला काय वाटतं?" निवेदकाने विचारलं.

"मी थांबायला तयार आहे," मुलगा म्हणाला. पाठ केलेलं, पण नीट म्हणाला. "देशासाठी."

कात्रीने समाधानाने मान हलवली. कळवळ्याला ते रुचलं नाही. तो पुढे वाकला आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "अरे, पण घरी आई काय म्हणते तुला? आईला काय वाटतं?"

"आई काही म्हणत नाही," मुलगा म्हणाला. मग थांबला. "ताट झाकून ठेवते." आणि एवढं बोलून त्याचा चेहरा वाकडा झाला. त्याने ओठ दाबून धरले, खाली बघितलं, वर दिव्याकडे बघितलं, काही केल्या थांबेना. हमसून हमसून रडायला लागला, लहान मूल रडतं तसं, नाक गळेपर्यंत. अंधारात कुणीतरी, बहुधा मॅडमच, दबक्या आवाजात म्हणालं, "जवळ घ्या, जवळ घ्या, कॅमेरा जवळ घ्या." काका जागचे हलले नाहीत. त्यांनी आपल्या पोराला शेवटचं रडताना कधी बघितलं होतं तेही आठवेना. आता सगळं गाव बघत होतं. आणि घरी त्याची आई बघत होती, आज आवाज चालू ठेवून.

मध्यंतर झालं. "काका, टचअप! पळा! सगळं उतरलंय त्याचं, खोटं दिसतंय!" मॅडम ओरडल्या. काका उजेडात शिरले. मुलाच्या गालांवरून काळे ओघळ हनुवटीपर्यंत आले होते. मागे कात्री पाण्याचा घोट घेऊन कळवळ्याला म्हणत होता, "आज तुम्ही बाजी मारलीत बुवा, ते आईचं चांगलं काढलंत." "अहो, आपोआप सुचलं," कळवळा म्हणाला, "पण मुलगा गुणी आहे हं." आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला, आणि कात्रीने त्यातलं एक घेतलं.

त्या बिस्किटाच्या कुरकुर आवाजाने काकांचं डोकं फिरलं. त्यांनी कापसाचा मोठा गोळा तेलात भिजवला आणि मुलाचं तोंड पुसायला लागले. नुसते ओघळ नाही, सगळंच. कपाळ, गाल, नाक. आधीचा थर, वरचा थर, सगळं रगडून काढलं. खालून पोराचं स्वतःचं तोंड आलं, लाल झालेलं, एका डोळ्याखाली जास्त काळं, एकाखाली कमी. "ऊठ," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "ऊठ, घरी जाऊ. बस झाला हा तमाशा. थू ह्यांच्या तोंडावर! ऊठ म्हणतो ना."

मुलगा उठला नाही. त्याने काकांचं मनगट धरलं. त्याचा हात गार होता आणि पकड घट्ट होती. तो मागे, कात्रीकडे बघत होता, कात्रीने ऐकलं तर नाही ना ते बघत होता.

"बाबा, हळू," तो म्हणाला. "हळू बोला. असं नका करू. तो उद्या बोलणार आहे."

"अरे, तो काही बोलणार नाही!"

"आत्ता तर म्हणालात बोलेल म्हणून." त्याचे डोळे अजून गळत होते, पण आवाज शांत होता, समजूत घातल्यासारखा. "आता एवढं झालंच आहे, बाबा. सगळ्यांनी बघितलंच आहे. मग निदान त्याचं काही होऊ दे. लावा. पटकन लावा." आणि त्याने मनगट सोडलं, डोळे मिटले, आणि तोंड वर केलं.

"काका, आवरा, आवरा!" कुणीतरी ओरडत होतं. काकांनी पेटी उघडली. डोळ्यांखालचं खरं काळं बुजवलं. मग ब्रश घेतला. डावीकडे एक कमान, उजवीकडे तशीच एक, बोटाने कडा मऊ केल्या, गाल थोडे आत घेतले. ते अंधारात परत येतात न येतात तोच दिवे वाढले आणि समोरच्या पडद्यावर मुलाचं तोंड आलं, मोठं, पडदाभर.

"वा काका," मॅडम कुजबुजल्या. "मघापेक्षा छान झालंय."

काकांनी पडद्याकडे बघितलं. त्यांनाही तसंच वाटलं.